मॅकवर डिव्हाइसचे ॲप बिघडले तर: दोष शोधण्याचा योग्य क्रम

मॅकओएस अपडेट झाले आणि दुसऱ्या दिवशी माउसची बाजूची बटणे चालेनाशी झाली, घड्याळाचे सिंक अडकले किंवा स्कॅनरचे ॲप उघडता उघडता बंद पडू लागले, की बहुतेक जण एकच उपाय करतात: ॲप ट्रॅशमध्ये टाकायचे, पुन्हा डाउनलोड करायचे आणि आशेने उघडायचे. दहापैकी बऱ्याच वेळा काहीही बदलत नाही, आणि त्याला कारण आहे. ॲप ट्रॅशमध्ये गेले तरी त्याचे मदतनीस प्रोग्रॅम, जुन्या सेटिंग्ज आणि परवानग्यांच्या नोंदी मॅकवर जिथल्या तिथे राहतात. नवे ॲप येऊन त्याच जुन्या पसाऱ्यावर बसते.

म्हणून या लेखात पुन्हा इन्स्टॉल करणे पाचव्या टप्प्यावर आहे. त्याआधीचे चार टप्पे वेळ कमी घेतात, काही मोडत नाहीत आणि दोष नेमका कुठे आहे ते सांगतात. टप्पे क्रमाने करा आणि एका वेळी एकच बदल करा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर डिव्हाइस चालू झाले तरी कशाने झाले ते कळणार नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

## तयारी

ॲपल मेन्यूतून ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. तिथे ‘चिप’ अशी ओळ असेल आणि पुढे एम१, एम२ वगैरे लिहिले असेल, तर तुमचा मॅक ॲपल सिलिकॉनचा. ‘प्रोसेसर’ अशी ओळ असेल आणि पुढे इंटेल असेल, तर इंटेलचा. मॅकओएसचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. नुसते ‘सोनोमा’ पुरत नाही, १४ च्या पुढचे आकडेही हवेत.

मग फाइंडरमध्ये ॲप्लिकेशन्स फोल्डरमधले ते ॲप निवडा, कमांड आणि आय एकत्र दाबा. उघडलेल्या ‘गेट इन्फो’ खिडकीतून ‘व्हर्जन’ आणि ‘काइंड’ या दोन ओळी टिपून ठेवा. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही लागतील.

ॲपमध्ये प्रोफाइल, बटणांची मांडणी, प्रीसेट असे काही असेल आणि ॲप अजून उघडत असेल, तर ते आत्ताच एक्स्पोर्ट करा. टाइम मशिनचा ताजा बॅकअप घ्या. ॲडमिन पासवर्ड माहीत असल्याची खात्री करा. दोष माउस किंवा कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर दुसरा साधा माउस किंवा कीबोर्ड हाताशी ठेवा, नाहीतर मधल्याच टप्प्यावर क्लिक करायलाही साधन उरत नाही.

सावधान: मॅक ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर आधी सिस्टम सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ किंवा ‘प्रोफाइल्स’ शोधा. तिथे संस्थेचे प्रोफाइल दिसत असेल, तर काही परवानग्या आणि ड्रायव्हर (मॅक आणि डिव्हाइस यांना जोडणारे सॉफ्टवेअर) तुम्हाला चालू करताच येणार नाहीत. तास घालवण्यापेक्षा त्यांच्या आयटी विभागाशी बोला.

## टप्पा १: मॅकला डिव्हाइस दिसते का?

ऑप्शन की दाबून धरा आणि ॲपल मेन्यू उघडा. ‘अबाउट धिस मॅक’च्या जागी ‘सिस्टम इन्फर्मेशन’ दिसेल. ते उघडा आणि डावीकडे यूएसबी निवडा. डिव्हाइस काढा, कमांड आणि आर दाबून यादी ताजी करा. डिव्हाइस लावा, पुन्हा कमांड आणि आर. यादीत नवी ओळ आली का बघा. ही यादी आपोआप ताजी होत नाही आणि नेमके तेच लोक विसरतात.

ओळ आलीच नाही तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. हे तपासा:

- केबल फक्त चार्जिंगची आहे का? अशा केबलमधून वीज जाते, डेटा जात नाही. डिव्हाइससोबत आलेली केबल लावून बघा.
- मध्ये हब किंवा डॉक आहे का? तो काढून थेट मॅकच्या पोर्टला लावा.
- ॲपल सिलिकॉनचा लॅपटॉप असेल आणि मॅकओएस १३ किंवा नंतरचे असेल, तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ॲक्सेसरी जोडू देण्याची सेटिंग बघा. नवे डिव्हाइस लावल्यावर मॅक परवानगी विचारतो. ती नाकारली गेली तरी चार्जिंग चालूच राहते. त्यामुळे ‘चार्ज होतेय म्हणजे जोडले गेलेय’ हा समज इथे फसवतो. डिव्हाइस काढा, मॅक अनलॉक करा, पुन्हा लावा आणि येणारा प्रश्न वाचून परवानगी द्या.

ब्लूटूथच्या डिव्हाइसची गोष्ट थोडी वेगळी. बरीच घड्याळे आणि हेल्थ बँड एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. शेजारी पडलेल्या फोनने जोडणी पकडून ठेवली असेल, तर मॅकवरचे ॲप कितीही वेळ शोधत बसेल. फोनचे ब्लूटूथ बंद करून बघा.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. कॅमेरा लावताच फोटोज किंवा इमेज कॅप्चर आपोआप उघडते आणि कॅमेरा ताब्यात घेते, मग कंपनीच्या ॲपला तो मिळत नाही. ती ॲप्स पूर्ण बंद करा, कॅमेरा काढून पुन्हा लावा. इमेज कॅप्चरमध्ये कॅमेरा निवडल्यावर डावीकडे खाली ‘तो जोडल्यावर कोणते ॲप उघडायचे’ हा पर्याय असतो. तिथे ‘नो ॲप्लिकेशन’ ठेवा.

तपासणी: डिव्हाइस सिस्टम इन्फर्मेशनमध्ये किंवा ब्लूटूथच्या यादीत दिसते, पण ॲपमध्ये दिसत नाही? मग दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे, पुढे जा.

## टप्पा २: ॲप, मॅकओएस आणि चिप यांचे जुळते का?

कंपनीच्या सपोर्ट पानावर जाऊन तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी कोणते ॲप आहे ते बघा. बऱ्याच कंपन्यांची दोन ॲप्स असतात, एक जुन्या मॉडेल्ससाठी आणि एक नव्यांसाठी. जुने डिव्हाइस नव्या ॲपमध्ये कधीच दिसणार नाही, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. खोक्यावर छापलेल्या ‘मॅकओएस ११ किंवा नंतरचे’ या ओळीवरही विसंबू नका. खोके छापले तेव्हा ‘नंतरचे’ काय असेल हे कुणालाच माहीत नव्हते. आवृत्त्यांचे क्रमांक वाचताना १५ नंतर थेट २६ येतो हे लक्षात ठेवा. मधल्या आवृत्त्या निघाल्याच नाहीत.

आता टिपून ठेवलेली ‘काइंड’ ओळ बघा.

‘युनिव्हर्सल’ किंवा ‘ॲपल सिलिकॉन’ असेल तर चिपचा प्रश्न नाही. फक्त, नुसते ‘ॲपल सिलिकॉन’चे ॲप इंटेल मॅकवर चालत नाही.

‘इंटेल’ असेल आणि मॅक ॲपल सिलिकॉनचा असेल, तर रोझेटा लागते, म्हणजे इंटेलसाठीची ॲप्स भाषांतर करून ॲपल सिलिकॉनवर चालवणारे ॲपलचे सॉफ्टवेअर. असे ॲप पहिल्यांदा उघडताना मॅक स्वतःच रोझेटा इन्स्टॉल करू का, असे विचारतो. तो प्रश्न घाईत नाकारला गेला असेल तर ॲप पुन्हा उघडा, प्रश्न पुन्हा येईल.

गोंधळ होतो तो प्लग-इनच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसणाऱ्या जोडभागाच्या, बाबतीत. मुख्य प्रोग्रॅम ॲपल सिलिकॉनवर चालत असेल आणि डिव्हाइससोबत आलेला प्लग-इन फक्त इंटेलचा असेल, तर प्रोग्रॅम तो प्लग-इन सहसा लोड करू शकत नाही. कुठलाही इशारा येत नाही, प्लग-इन यादीत दिसतच नाही. मुख्य प्रोग्रॅमच्या गेट इन्फो खिडकीत ‘ओपन युजिंग रोझेटा’वर खूण करा, प्रोग्रॅम बंद करून उघडा. प्लग-इन दिसला तर कारण सापडले. हा उपाय तात्पुरता समजा. सर्वसाधारण वापरासाठीची रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत राहील असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा कंपनीकडे नव्या प्लग-इनची मागणी आत्ताच नोंदवा.

रोझेटा कर्नल एक्स्टेन्शनचे, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्यात बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरचे, भाषांतर करत नाही, हेही पक्के लक्षात असू द्या. ॲप रोझेटावर छान उघडते, पण आतला ड्रायव्हर इंटेलचा जुना असल्याने डिव्हाइस सापडत नाही, असे म्हणूनच घडते.

ॲपच्या आयकॉनवर आडवी रेघ असलेले वर्तुळ दिसत असेल तर ते ॲप या मॅकवर चालण्याजोगे नाही. ३२-बिट ॲप्स मॅकओएस १०.१५ पासून, म्हणजे २०१९ पासून, चालतच नाहीत. त्यावर सेटिंगचा उपाय नाही, नवी आवृत्तीच हवी.

## टप्पा ३: परवानग्या

अपडेटनंतरच्या तक्रारींत अनेकदा दोष इथे सापडतो, म्हणून हा टप्पा सावकाश करा. सिस्टम सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. डिव्हाइसच्या प्रकारानुसार इथे बघा:

- माउस, कीबोर्ड, ड्रॉइंग टॅबलेट: ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘इनपुट मॉनिटरिंग’. बहुतेकांना दोन्ही लागतात.
- घड्याळ, बँड, हेडफोन: ‘ब्लूटूथ’.
- हेडसेट, कॅप्चर कार्ड, वेबकॅम: ‘मायक्रोफोन’, ‘कॅमेरा’ आणि गरजेप्रमाणे स्क्रीन रेकॉर्डिंग.
- वाय-फायवरचा प्रिंटर, कॅमेरा, स्पीकर: ‘लोकल नेटवर्क’. ही परवानगी मॅकओएस १५ पासून आली. डिव्हाइस फोनवर दिसते आणि मॅकवर नाही, तर सर्वांत आधी हीच बघा.
- मेमरी कार्ड किंवा डिस्क वाचणारी ॲप्स: ‘फाइल्स अँड फोल्डर्स’मधले ‘रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स’.

आता नेहमीची चूक. यादीत ॲपसमोरचे बटण निळे दिसते, म्हणून लोक ‘परवानगी आहे’ असे समजून पुढे जातात. पण ही परवानगी ॲपच्या नावाला मिळत नाही, त्याच्या डिजिटल सहीला मिळते. ॲपची नवी आवृत्ती वेगळ्या सहीने आली तर जुनी नोंद यादीत निळी दिसत राहते आणि नव्या ॲपला परवानगी नसते. बटण बंद-चालू करून हे दरवेळी सुटत नाही. असे करा:

१. ॲप कमांड आणि क्यू दाबून बंद करा. मेन्यूबारमध्ये त्याचा छोटा आयकॉन असेल तर तिथूनही ‘क्विट’ करा.
२. यादीत त्याची ओळ निवडून खालचे वजाचे चिन्ह दाबा. ओळ पूर्ण गेली पाहिजे.
३. ॲप पुन्हा उघडा. ते परवानगी मागेल, द्या. मागितलीच नाही तर अधिकचे चिन्ह दाबून ॲप्लिकेशन्स फोल्डरमधून ॲप स्वतः जोडा.
४. लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करा. मागे चालू असलेल्या मदतनीस प्रोग्रॅमला नवी परवानगी कळण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

लोकल नेटवर्कसारख्या काही याद्यांत वजाचे चिन्ह नसते. तिथे बटण बंद करा, मॅक रीस्टार्ट करा आणि मग चालू करा.

यादीत मुख्य ॲपखेरीज ‘एजंट’, ‘हेल्पर’, ‘डिमन’ असे शेपूट असलेली त्याच कंपनीची दुसरी ओळ असू शकते. बटणांचे खरे काम तोच प्रोग्रॅम करतो. त्यालाही परवानगी हवी.

तपासणी: कीबोर्डचे मॅक्रो (एका कळीवर बसवलेल्या कृती) कधी चालतात, कधी नाही? पासवर्डच्या चौकटीत कर्सर असताना मॅकओएस इतर प्रोग्रॅमना टायपिंग वाचू देत नाही. एखादा पासवर्ड मॅनेजर ही अवस्था तशीच सोडून देतो, आणि टर्मिनलमध्ये ‘सिक्युअर कीबोर्ड एंट्री’ चालू असली तरी हेच होते. अशा वेळी कीबोर्डचे सॉफ्टवेअर निर्दोष असते.

## टप्पा ४: मागे चालणारे प्रोग्रॅम

लक्षण ओळखायला सोपे आहे: ॲपची खिडकी उघडी असेपर्यंत सगळे चालते, बंद केली किंवा मॅक रीस्टार्ट केला की सेटिंग्ज जातात. सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, मग ‘लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स’ उघडा (मॅकओएस १३ आणि १४ मध्ये नुसते ‘लॉगिन आयटम्स’). खाली ‘पार्श्वभूमीत चालू द्या’ अशा अर्थाची यादी असते. तिथे ॲपच्या नावाऐवजी कंपनीचे किंवा डेव्हलपरचे नाव असू शकते, आणि अनोळखी नाव बघून अनेकांनी ते स्वतःच बंद केलेले असते. चालू करा, रीस्टार्ट करा.

मग ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून शोधचौकटीत कंपनीचे नाव टाका. एकाच मदतनिसाच्या दोन प्रती दिसल्या तर जुनी आणि नवी आवृत्ती एकाच डिव्हाइससाठी भांडत आहेत. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

## टप्पा ५: पूर्ण काढणे आणि पुन्हा बसवणे

आधी कंपनीचा अनइन्स्टॉलर शोधा. तो ॲप्लिकेशन्समधल्या कंपनीच्या फोल्डरमध्ये, ‘युटिलिटीज’मध्ये किंवा डाउनलोड केलेल्या डिस्क इमेजच्या (.dmg फाइलच्या) आत असतो. असेल तर तोच वापरा. नसेल तर असे करा:

१. ॲप बंद करा. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधून त्याचे सगळे मदतनीस थांबवा.
२. ॲप ट्रॅशमध्ये टाका. पासवर्ड मागितला तर द्या, सोबतचे सिस्टम एक्स्टेन्शनही (गाभ्याबाहेर चालणारा नव्या पद्धतीचा ड्रायव्हर किंवा तत्सम भाग) त्यानेच निघते.
३. फाइंडरमध्ये ‘गो’ मेन्यू उघडून ऑप्शन की दाबून धरा. एरवी लपलेले ‘लायब्ररी’ दिसेल. त्यातले ॲप्लिकेशन सपोर्ट, प्रेफरन्सेस, कॅशेस आणि लाँच-एजंट्स हे फोल्डर बघा.
४. आता मॅकिंटॉश एचडीच्या मुळाशी असलेली दुसरी लायब्ररी उघडा. तिथले लाँच-एजंट्स, लाँच-डिमन्स, प्रिव्हिलेज्ड-हेल्पर-टूल्स आणि एक्स्टेन्शन्स बघा. ध्वनीचे डिव्हाइस असेल तर ‘ऑडिओ’, त्यात ‘प्लग-इन्स’, त्यात ‘एचएएल’ हेही.
५. कंपनीच्या नावाच्या फाइल्स पुसू नका. डेस्कटॉपवर फोल्डर करून त्यात हलवा. सगळे सुरळीत झाल्यावर मग पुसा.
६. मॅक रीस्टार्ट करा.

सहावी पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया जाते. काढलेले सिस्टम एक्स्टेन्शन कित्येकदा रीस्टार्ट होईपर्यंत पुरते निघत नाही, आणि नवे त्याच्यावर नीट बसत नाही.

सावधान: ‘सिस्टम’ फोल्डरमधल्या लायब्ररीला हात लावू नका. फाइलच्या नावात ॲपल असेल तर ती तुमच्या डिव्हाइसची नाही, सोडून द्या.

बसवताना डिव्हाइस काढून ठेवा, कंपनीच्या सूचनेत वेगळे सांगितले नसेल तर. डिस्क इमेज उघडली की ॲप तिथूनच डबल-क्लिक करू नका, ते ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढा. डाउनलोड्समधून किंवा डिस्क इमेजमधून थेट उघडलेले ॲप मॅकओएस एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेतून चालवू शकते. मग ॲप स्वतःला अपडेट करू शकत नाही, मदतनीस बसत नाही, आणि दिलेली परवानगीही टिकत नाही.

‘ॲपलला हे ॲप तपासता आले नाही’ असा संदेश आला आणि ॲप कंपनीच्याच साइटवरून घेतले असेल, तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये अगदी खाली ‘ओपन एनीवे’ बटण शोधा. ते ॲप उघडायचा प्रयत्न केल्यानंतर साधारण तासभरच दिसते. कंट्रोल-क्लिक करून ‘ओपन’ ही जुनी युक्ती मॅकओएस १५ पासून चालत नाही. संदेश ‘ॲप खराब झाले आहे’ असा असेल तर मात्र वळसा घालू नका. फाइल अर्धवट उतरली असेल किंवा तिच्यात फेरफार झाला असेल. पुन्हा डाउनलोड करा.

मग ॲप उघडा, परवानग्या द्या, आणि शेवटी डिव्हाइस लावा.

## टप्पा ६: ड्रायव्हर

आधी एक प्रश्न: ड्रायव्हर लागतोच का? क्लास-कम्प्लायंट (ठरलेल्या यूएसबी मानकाप्रमाणे चालणारा) ऑडिओ इंटरफेस, एअरप्रिंटचा प्रिंटर, साधा माउस ही मॅकओएसला मुळातच समजतात. ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये तुमचा इंटरफेस दिसत असेल, तर ध्वनीसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरज नसूही शकते.

नवा ड्रायव्हर सिस्टम एक्स्टेन्शन स्वरूपाचा असेल तर एकदा मंजुरी द्यावी लागते: मॅकओएस १५ पासून ‘लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स’मधल्या ‘ड्रायव्हर एक्स्टेन्शन्स’मध्ये, त्याआधी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या तळाशी ‘अलाउ’ बटणाने.

ड्रायव्हर जुन्या पद्धतीचे कर्नल एक्स्टेन्शन असेल आणि मॅक ॲपल सिलिकॉनचा असेल तर: मॅक बंद करा. पॉवर बटण दाबून धरा, स्टार्टअपचे पर्याय दिसेपर्यंत सोडू नका. ‘ऑप्शन्स’ निवडा, ‘युटिलिटीज’ मेन्यूतून ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’ उघडा, डिस्क निवडून ‘रिड्यूस्ड सिक्युरिटी’ आणि ओळखीच्या डेव्हलपरांची कर्नल एक्स्टेन्शन्स वापरू देण्याची खूण करा. परत आल्यावर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये मंजुरी द्या आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

याने मॅकची सुरक्षा खरोखर कमी होते. महागड्या स्टुडिओ इंटरफेससाठी, कंपनीने स्पष्ट सांगितले असेल तर, हे समजण्याजोगे आहे. माउस किंवा घड्याळाचे ॲप हे करायला सांगत असेल तर ते ॲप जुने आहे, नवे शोधा. सिस्टम इंटिग्रिटी प्रोटेक्शन (सिस्टमच्या फाइल्स बदलू न देणारे मॅकओएसचे संरक्षण) बंद करा असा सल्ला कुठे वाचलात तर तो पाळू नका.

## टप्पा ७: दोष वेगळा काढणे

‘युजर्स अँड ग्रुप्स’मधून नवे खाते बनवा, त्यात लॉग-इन करून ॲप चालवा. तिथे चालले तर दोष तुमच्या खात्याच्या लायब्ररीत आहे. पाचव्या टप्प्यातली तिसरी पायरी पुन्हा, जास्त बारकाईने करा. तिथेही चालले नाही तर दोष संपूर्ण मॅकचा आहे.

सेफ मोडमध्ये मॅक फक्त गरजेपुरत्या सॉफ्टवेअरवर सुरू होतो. त्यावरून निष्कर्ष काढताना चूक होते. सेफ मोडमध्ये इतर कंपन्यांचे ड्रायव्हर लोडच होत नाहीत, त्यामुळे तुमचे डिव्हाइस तिथे न चालणे हा पुरावा नाही. ॲप साध्या मोडमध्ये उघडताच कोसळत असेल आणि सेफ मोडमध्ये कोसळत नसेल, तर मात्र दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमशी टक्कर असू शकते. संशयित ठरलेले: माउसची दोन सॉफ्टवेअर, व्हीपीएन, नेटवर्क फिल्टर असलेला अँटिव्हायरस. व्हीपीएन चालू असताना वाय-फायवरचे डिव्हाइस न दिसणे फारच नेहमीचे.

## टप्पा ८: फर्मवेअर, सर्वांत शेवटी

कधी नव्या ॲपला डिव्हाइसचे नवे फर्मवेअर, म्हणजे डिव्हाइसच्या आत बसलेले सॉफ्टवेअर, लागते. ॲप डिव्हाइसला धड ओळखत नसताना फर्मवेअर चढवू नका. थेट केबल, मध्ये हब नाही. डिव्हाइस चार्ज केलेले. लॅपटॉप वीजजोडणीवर, झाकण उघडे आणि आपोआप झोपणे बंद. व्हर्च्युअल मशिनमधल्या (मॅकच्या आत चालवलेल्या आभासी संगणकावरच्या) विंडोजवरून फर्मवेअर चढवणे टाळाच. अपडेटच्या मध्यावर डिव्हाइस स्वतः रीस्टार्ट होऊन वेगळ्या ओळखीने पुन्हा जोडले जाते, आणि त्या क्षणी ते व्हर्च्युअल मशिनच्या हातून निसटू शकते. शिवाय ॲपल सिलिकॉनवर त्यातले विंडोज आर्म चिपसाठीचे असते, त्याला इंटेलसाठीचे विंडोज ड्रायव्हर चालत नाहीत. अडलेच तर खराखुरा विंडोज संगणक वापरा.

## कंपनीला काय पाठवायचे

एवढे करूनही अडले तर ‘कन्सोल’ ॲपमधले ‘क्रॅश रिपोर्ट्स’ उघडा आणि ॲपच्या नावाचा ताजा अहवाल काढा. ‘कोड टाइप’च्या ओळीत ‘ट्रान्सलेटेड’ असेल तर ॲप रोझेटावर चालत होते. ‘लायब्ररी नॉट लोडेड’ असे असेल तर ॲपचा एखादा भाग गायब आहे किंवा चुकीच्या चिपचा आहे.

हा अहवाल, तयारीत टिपलेले मॅकओएस, चिप, ॲपची आवृत्ती आणि काइंड, डिव्हाइसचे मॉडेल आणि फर्मवेअर, सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ते दिसते का, आणि नव्या खात्यात काय झाले, एवढे पहिल्याच मेलमध्ये द्या. नसेल दिले तर पहिले उत्तर ‘ॲप काढून पुन्हा इन्स्टॉल करा’ असेच येण्याची शक्यता मोठी, आणि ते तुमचे करून झालेले असते. आणि अहवाल पाठवण्याआधी वाचून घ्या, त्यातल्या फाइलमार्गांमध्ये तुमच्या खात्याचे नाव असू शकते.